डोंगरात दारं लागल्याचा आवाज

१९९२ साली एक्वादोरच्या सरकारने बोबोनासा नदीकाठच्या किचवा या आदिवासी लोकांच्या गावांना, त्यात सारायाकूलाही, त्यांच्याच रानाचा मालकीहक्काचा कागद दिला. तो सुखासुखी मिळालेला नव्हता. त्या एप्रिलात आमेझॉनच्या रानातली सुमारे दोन हजार माणसं पुयो गावातून पायी निघाली, आंदीज चढली आणि थेट राजधानी कीतोत जाऊन धडकली, तेव्हा कुठे सरकारी पेन हललं. कागदात एक मेख मात्र होती: जमीन तुमची, जमिनीच्या पोटातलं सगळं सरकारचं. सातबारा आणि गौण खनिज हे शब्द ज्यांच्या कानावर रोज पडतात त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. वरचा मजला तुमचा, तळघर आमचं.

एकोणीस वर्षांनी, जुलै २०११ मध्ये, साबिनो ग्वालिंगा नावाचे सारायाकूचे वयोवृद्ध याचाक कोस्टा रिकात इंटर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयापुढे साक्षीला उभे राहिले. याचाक म्हणजे जाणता. आपल्याकडचा 'जाणकार' हा शब्द त्याच्या जवळ जातो, 'मांत्रिक' जात नाही. साबिनोंनी तळघराबद्दल जे सांगितलं त्याचा सारांश असा: खाली, उकुपाचात, माणसं राहतात, इथे आपण राहतो तशीच. तिथे देखणी गावं आहेत, झाडं आहेत, तळी आहेत, डोंगर आहेत. कधीकधी डोंगरात दारं लागल्याचा आवाज येतो. तिथे राहणाऱ्यांचा तो वावर.

आणि नेमकी त्याच थरात, काही ठिकाणी बारा मीटर खोल भोकं पाडून, सीजीसी या अर्जेंटिनाच्या तेल कंपनीने स्फोटकं पुरून ठेवली होती. २००२च्या ऑक्टोबरपासून २००३च्या फेब्रुवारीपर्यंत ४६७ भोकं, त्यांत मिळून सुमारे १,४३३ किलो पेंटोलाइट. सुरुंग उडवायचे, धक्क्याच्या लाटा खडकातून कशा परततात ते मोजायचं आणि तेल कुठे आहे त्याचा नकाशा काढायचा, असं ते काम. माणसं हेलिकॉप्टरमधून उतरली, उतरण्यासाठी झाडं तोडून तळ केले. गावाला कुणी विचारलं नाही.

माझा प्रश्न साबिनोंच्या साक्षीचा आहे. ती ऐकून कायद्याने काय करायचं? हसण्यावारी न्यायची? 'त्यांची संस्कृती' असं लेबल लावून आदराने बाजूला ठेवायची? की जमिनीबद्दलची साक्ष म्हणून नोंदवायची, म्हणजे तिथे कुणाला कसं शिरता येतं, कुणाला शिरता येत नाही, याबद्दलची? मी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. आणि हे मी देव न मानणारा माणूस म्हणून म्हणतोय. सत्यनारायणाला बसणार नाही म्हणून घरात झालेली भांडणं अजून पुरती मिटलेली नाहीत. त्यामुळे आत्मे आहेत की नाहीत या वादात मला इथे शिरायचंच नाही. तो या प्रश्नाचा भाग नाही, असंच माझं म्हणणं आहे.

आधी सारायाकूला जाऊन येऊ. तिथे रस्ता नाही. पुयोहून सरळ रेषेत पासष्ट किलोमीटर, पण जायचं तर छोटं विमान, नाहीतर बोबोनासातून होडी. सुमारे १,३५,००० हेक्टर रान, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून मोठं, आणि माणसं सुमारे बाराशे, आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी मोठ्या सोसायटीत मावतील इतकी. एवढ्या रानाला बाराशे माणसं काय करायची, असं कुणी विचारेल. सरकारनेही मनातल्या मनात तेच विचारलं असावं.

याचं उत्तर 'पुरिना' या शब्दात आहे. किचवात पुरिना म्हणजे चालणं. पण सारायाकू ज्यात येतं त्या पास्तासा प्रांतातल्या किचवांना त्यातून आणखी एक गोष्ट समजते: गाव सोडून, सगळं बिऱ्हाड घेऊन, आपल्या लांबच्या रानातल्या मुक्कामाला जाणं. गावात शाळा आहे, विमानाची धावपट्टी आहे, सभा आहेत, शेजाऱ्यांच्या कटकटी आहेत. मग एखाद्या दिवशी होडीत मुलं, कुत्री, भांडी आणि पानांत गुंडाळलेला युका या कंदाचा आंबवलेला लगदा भरायचा. वाटेत नदीच्या पाण्यात कालवला की त्याची आस्वा होते. तेच पेय, तेच जेवण. वरच्या ओढ्याकाठी दुसरं घर असतं, जुनी लागवड असते. तिथे काही आठवडे राहायचं, मासे धरायचे, शिकार करायची आणि आजोबा कुठल्या वळणावर काय म्हणाले होते ते नातवंडांना त्याच वळणावर उभं राहून सांगायचं. कुठल्या आयल्युचा माणूस कुठल्या ओढ्याने जाणार हे ठरलेलं असतं. आयल्यु म्हणजे आपली भावकी. तिथे भावकीचा नकाशा आणि रानाच्या वाटांचा नकाशा एकच. ज्या ओढ्याला सरकारी नकाशावर नाव नाही, तो कुणाच्या तरी आत्याच्या माहेरची वाट असतो.

निघायचं की नाही ते पहाटे ठरतं. तीन-चारच्या सुमारास चूल पेटते, वायुसाची पानं उकळतात. झोप उडवणारं आणि पोट साफ करणारं हे पेय वाटीवाटीने फिरतं आणि माणसं रात्रीची स्वप्नं सांगतात. स्वप्न चांगलं नसलं तर होडी काठालाच राहते. आपल्याला हे गमतीशीर वाटतं. पण घरातल्या सगळ्यांनी दिवस उजाडण्याआधी एकत्र बसून, आज रानात जायला आपण सावध आहोत का, कुणाच्या मनात काही सल आहे का, हे उघड बोलायचं, याला तुम्ही काय नाव द्याल? माझ्या मुलाच्या कंपनीत सकाळच्या मीटिंगमध्ये याहून कमी खरं बोललं जातं.

रानात भीती असतेच, पण ती सरसकट नसते. आमासांगा हा रानाचा धनी. जनावरं ही त्याची गुरं. उत्तरेकडच्या आविला गावचे किचवा सांगतात, की आपल्याला जे रानपक्षी दिसतात त्या रानाच्या धन्यांच्या परसातल्या कोंबड्या असतात. म्हणजे शिकारी माणूस तिथे दुसऱ्याच्या वाड्यात शिरलेला असतो, आणि दुसऱ्याच्या वाड्यात वागायची रीत असते. काही ठिकाणी जाण्याआधी सासी पाळायची, म्हणजे खाण्यापिण्याचं आणि शरीरसंबंधांचं पथ्य. गरजेपुरतंच मारायचं. मारलेल्याची टिंगल करायची नाही. माकडांचा कैवारी जुरिजुरि सुपाय (सुपाय म्हणजे रानातला आत्मा) अशा हसणाऱ्यांना रात्री गाठतो, अशी गोष्ट लहानपणापासून कानावर असते. आविलातच रानातल्या मुक्कामी पालथं झोपणाऱ्याला उठवतात. उताणा झोप म्हणतात. जग्वार आला तर त्याला तुझा चेहरा दिसला पाहिजे. नजरेला नजर भिडली तर तो तुला 'कुणीतरी' समजतो आणि निघून जातो. पालथा सापडलास तर तू नुसतं मांस.

मला या सगळ्या धोक्यांत एक धागा दिसतो. भीती मरणाची असतेच, पण त्याहून मोठी भीती असते नात्यातून गळून पडण्याची. रानात वाट चुकलेल्या शिकाऱ्याला धन्याची मुलगी भेटते, खाली त्यांच्या गावी घेऊन जाते, तिथे सगळं छान असतं आणि हा गडी तिकडचा घरजावई होऊन बसतो, बायकोमुलांना ओळखेनासा होतो. अशा कथा आमेझॉनच्या या पट्ट्यात भरपूर. तिथलं अन्न खाल्लं की परत यायचं कठीण. कारण कुणाचं खाल्लं त्यावर आपण कुणाचे ते ठरतं. घरी आलेल्या पाहुण्याला आस्वाची मोकावा, म्हणजे रंगवलेली मातीची वाटी, पुढे करायची आणि त्याने ती नाकारायची नाही, हा नियम आणि रानातल्या परक्याकडचं खाऊ नये हा नियम, दोन्ही एकाच तर्कातून आलेत. जनावराशीसुद्धा नातं आधी ठरवावं लागतं. आप्त, सोयरा की शिकार, हे ठरल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

कोकणातल्या वाचकाला एव्हाना राखणदार आठवला असेल. आमच्या आजोळी तिन्हीसांजेला पाणंदीतून जायचं तर आधी हाळी घालायची पद्धत होती, 'वाट दे रे महाराजा' अशी. साम्य आहे, पण त्याला जास्त ताणू नये. आमच्या राखणदाराचं रान केव्हाच कलमांच्या बागेत गेलं. आमासांगाचं अजून आहे.

आता आक्षेप. पहिला आपल्या महाराष्ट्रात हमखास येतो, आणि तो माझ्या घरचाच आहे. ज्या राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, ज्या चळवळीने त्यासाठी नरेंद्र दाभोलकरांसारखा माणूस गमावला, तिथल्या माणसाने सुपायांची वकिली करावी? पण तो कायदा नीट वाचा. तो श्रद्धेच्या मागे लागत नाही. तो फसवणुकीच्या, छळाच्या, नरबळीच्या, अमानुष प्रथांच्या मागे लागतो. कुणाचं शोषण होतंय, कुणाचा खिसा कापला जातोय, कुणाला मारलं जातंय, हा त्याचा प्रश्न आहे. तोच प्रश्न आमासांगाला लावून पाहा. तो कुणाकडून पैसे घेत नाही. उलट शिकाऱ्याला सांगतो, दोन पुरे, तिसरं मारू नकोस.

इथे मी एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. आमेझॉनमध्ये याचाकांच्या भांडणांतून, करणी केल्याच्या आरोपांतून खून झालेत, आजही होतात. भावकीतलं वैर करणीच्या भाषेत बोलू लागलं की ती भाषा माणसं मारते, आणि हे आपल्याला मेळघाटापासून नंदुरबारपर्यंत डाकिणीच्या नावाने झालेल्या छळातून पुरतं ठाऊक आहे. तिथे माझी सहानुभूती संपते. आदिवासींची श्रद्धा आहे म्हणून सगळंच पवित्र, असं म्हणणारे लोक त्या बाईच्या बाजूने उभे राहत नाहीत जिला चेटकीण ठरवलंय. म्हणून तर मला निकष हवा, नुसता आदर नको.

दुसरा आक्षेप याहून अवघड. उद्या कुणीही उठेल, दगडाला शेंदूर फासेल आणि म्हणेल ही देवाची जागा. आपल्या शहरांत हे रोज होतं. फुटपाथवर आधी दगड, मग चौथरा, मग पत्र्याचा मंडप, मग दानपेटी, मग नगरसेवकाच्या नावाची पाटी. महापालिकेचा माणूस आला की भावना दुखावतात. साबिनोंच्या दारांना मान द्यायचा तर या शेंदराला कसं अडवणार?

असं अडवणार: बंधन आधी कुणाच्या अंगावर पडतं ते बघून. शेंदराचा दगड बसवणाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही. त्याला जागा मिळते, वळसा दुसऱ्याने घालायचा. सारायाकूत नेमकं उलटं. तिथल्या रानाच्या धन्यांचं पहिलं ओझं सारायाकूच्याच माणसांवर आहे. कुठल्या तळ्यावर जायचं नाही, किती मारायचं, कशाला हसायचं नाही, कुठल्या दिवशी घरी बसायचं. तेल कंपनी यायच्या पिढ्यान्पिढ्या आधीपासून ते हे नियम स्वतःवर लावत आले, त्यात त्यांचा तोटाही झाला असेल, शिकार हुकली असेल. दुसऱ्याला अडवण्यासाठी कालपरवा रचलेली गोष्ट अशी नसते. कोर्टाला आत्म्यांचं अस्तित्व तपासायची गरजच नाही. माणसं कुठे जातात, कुठे जात नाहीत, कुणाला विचारून जातात, हे तपासता येतं. वाटा दिसतात. पुरिनाची घरं दिसतात. आजी, मामा, चुलते साक्ष देऊ शकतात. वहिवाट सिद्ध करायला आपल्या तहसीलदारालाही याहून जास्त काही लागत नाही.

तिसरा आक्षेप विकासाचा. त्यावर फार शाई घालवत नाही. एक्वादोरच्या उत्तर आमेझॉनमध्ये १९६७ला लागो आग्रिओला तेल लागलं, पाठोपाठ रस्ते आले, रस्त्यांच्या कडेने वसाहती आल्या. त्यातला वाओरानी लोकांच्या मुलखातून जाणारा रस्ता 'व्हिया आउका' या नावाने ओळखला जातो. आउका म्हणजे किचवात रानटी. ज्यांच्या घरातून रस्ता काढला त्यांनाच शिवी, आणि तीही पाटीवर. सारायाकूचे लोक हे शेजारून बघत होते. आणि ते काही जगाकडे पाठ फिरवून बसलेले नाहीत. २०१५च्या पॅरिस हवामान परिषदेला त्यांनी आपली कोरीव होडी पाठवली, 'किंदी चायवा' म्हणजे हमिंगबर्ड-मासा, आणि ती पॅरिसच्या पाण्यात वल्हवली. आपल्या हद्दीभोवती ते फुलझाडं लावत चाललेत, 'सिसा न्यांपि', फुलांची वाट, म्हणजे झाडं मोठी होऊन फुलली की हद्द विमानातूनही दिसावी. हेलिकॉप्टरवाल्यांना उद्देशून आहे ते, हे उघड आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये देशभराच्या मतदानात सुमारे एकोणसाठ टक्के एक्वादोरवासीयांनी आमेझॉनमधल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानातलं तेल जमिनीतच राहू दे म्हणून कौल दिला, तेव्हा विकासाचं नाव घेऊन सारायाकूला एकटं पाडणंही आता सोपं नाही.

कोर्टाने काय केलं? बरंच चांगलं केलं. एप्रिल २०१२ मध्ये न्यायाधीश स्वतः सारायाकूला गेले. त्या न्यायालयाच्या इतिहासात वादाच्या जागी जाण्याची ती पहिलीच वेळ. गावाने त्यांना बोलावलं, ते आले, बसले, ऐकलं. त्याच भेटीत सरकारच्या प्रतिनिधीने जबाबदारी मान्य केली. २७ जून २०१२च्या निकालात एक्वादोर दोषी ठरला: आधी विचारण्याचा हक्क, सामुदायिक मालकी आणि सांस्कृतिक ओळख, तिन्हींचा भंग, शिवाय स्फोटकांमुळे जीव धोक्यात घातल्याचा ठपका. पिंगुयू इथलं याचाक सेसार व्हार्गास यांचं लिस्पुंगू हे पवित्र झाड कंपनीने तोडल्याची नोंदही निकालात आली. नव्वद हजार डॉलर भौतिक नुकसानीचे, साडेबारा लाख डॉलर अभौतिक नुकसानीचे.

माझी तक्रार या 'अभौतिक'पाशी आहे. लिस्पुंगू तुटलं, म्हणून भावना दुखावल्या, म्हणून भरपाई. दारांचा आवाज 'सांस्कृतिक ओळख' या खात्यात जमा. साबिनो मात्र तिथे भावना सांगायला गेले नव्हते. ते जागेची खबर द्यायला गेले होते: तिथे वस्ती आहे, सुरुंगांनी रानाचे धनी निघून गेले, ते गेले म्हणून रानाचं ढासळलं. हे नुकसान कुणाच्या मनात झालेलं नाही, रानात झालंय. आणि खात्यांचा फरक पुढे फार महागात पडतो. संस्कृतीच्या खात्यात टाकलं की सरकारला फक्त 'सल्लामसलत' करावी लागते. बैठक घ्या, हजेरीवर सह्या घ्या, वडे-चहा द्या, मग ठरलेलंच करा. नकार देण्याचा अधिकार त्यातून सरळ निघत नाही. ज्यांच्या रीतीत झाडावर चढण्याआधीही परवानगी आहे त्यांना आपला आधुनिक कायदा म्हणतो, आम्ही विचारू, पण तुमचं 'नाही' आम्हाला बांधील नाही. मागासलेलं कोण आहे इथे?

या एका बाबतीत आपलं सर्वोच्च न्यायालय पुढे गेलं होतं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटसाठी खाण हवी होती, आणि डोंगरिया कोंधांसाठी तो डोंगर नियमराजाचा. १८ एप्रिल २०१३च्या निकालाने नियमराजाच्या पूजेच्या हक्काचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही 'नाही' म्हणाल्या. खाण झाली नाही. राजा खरा आहे का, हे कुणी विचारलं नाही. त्याच्या डोंगरावर राहणाऱ्यांना विचारलं. साबिनोंच्या साक्षीला हवी होती ती वागणूक हीच. आणि हे आपल्याला जमतं असं म्हणावं, तर गडचिरोलीतल्या सुरजागडकडे नजर जाते. तिथे दर जानेवारीत माडिया आणि गोंड माणसं गावोगावाहून ठाकूरदेवाच्या यात्रेला चालत येतात, आणि त्याच पहाडातून लोहखनिजाचे ट्रक खाली उतरतात. यात्रेकरू आणि ट्रक यांत वाट कुणी कुणाला द्यायची, हे एटापल्लीच्या रस्त्यावर उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं.

सारायाकूत २०१०ला कंपनीशी करार संपला. पेंटोलाइट मात्र राहिला. निकालाआधी वरवरचं चौदा किलो काढलं गेलं होतं. त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी बहुतेक सगळा साठा जिथे पुरला तिथेच होता, लोकांच्या शिकारीच्या वाटांखाली. आमासांगाला विचारता येतं, जग्वारच्या नजरेला नजर देता येते. बारा मीटर खालच्या स्फोटकाशी कुठलंही नातं जोडता येत नाही, आणि त्याचं स्वप्नही पडत नाही. ते काढायला कुणीतरी यंत्रं घेऊन रानात शिरायला हवं. कोर्टाच्या आदेशात त्याचीही रीत सांगितली आहे: स्फोटकं काढायची, पण सारायाकूच्या लोकांशी आधी बोलून, त्यांना विचारून. म्हणजे तळघराच्या मालकाला आता स्वतःच्या तळघरात उतरायचं असेल, तरी आधी बोबोनासाच्या काठावर थांबून हाळी घालावी लागणार आहे.